कांडी वळूची, शिव्या सुनेला



आज फवारणी नाही, खत नाही, बाजारभाव नाही. हा विषय बरेच दिवस डोक्यात होता. काही जणांना लागेल. लागू द्या.

गोठ्यात सध्या सगळ्यांना "मादी कांडी" पाहिजे. गाय माजावर आली की डॉक्टरला फोन लावायचा आणि पहिलं विचारायचं, कालवडीची कांडी आहे का? जास्तीचे पैसे मोजायची तयारी असते. त्यात चूक काहीच नाही. ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्ह्याला काम राहिलं नाही, हेल्याला तर कोणी विचारतच नाही, आणि वगार झाली तर तीन-चार वर्षांत दाराशी दूध. हिशोब सरळ आहे. 5 ऑक्टोबर 2024 ला वाशीमला पंतप्रधानांच्या हस्ते देशी बनावटीच्या या तंत्राचं लोकार्पण झालं, एका कांडीमागे साधारण 200 रुपये वाचतील असं तेव्हा सांगितलं गेलं. ते ऐकून तर आमच्याकडे मागणी अजून वाढली.

म्हणजे एक गोष्ट आता खेड्यातल्या अंगठेबहाद्दरालाही पटलेली आहे. कालवड होणार की गोऱ्हा, हे कांडीवर आहे. कांडी वळूची. गाय तीच, गोठा तोच, ढेप तीच, कांडी बदलली की निकाल बदलतो. कांडी भरवूनही गोऱ्हा झाला तर माणूस डॉक्टरवर चिडतो, कांडीवर चिडतो, नशिबावर चिडतो. गायीला कोणी बोलत नाही. गायीनं काय केलं?

आता त्याच घराच्या ओट्यावर चला. शेजारच्या गावात एक चांगला बागाईतदार आहे, नाव कशाला. गोठ्यात आठ जनावरं, सगळ्यांना मादी कांडी. दुधाच्या डेअरीवर उभा राहून तो बाकीच्यांना समजावतो की भाऊ, एक्सवाली कांडी घ्या, वायवाली नको. इतकं त्याला येतं. त्याच्या सुनेला तिसरी मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आली तेव्हा सासूनं भाकर-तुकडा ओवाळला नाही. आजूबाजूच्या बाया विचारायला आल्या, "काय व्हयनं, आंडोर का आंडेर?" आणि उत्तर ऐकून परत गेल्या. आठ दिवसांत भाषा सुरू झाली. हिच्या कुशीतच दोष आहे, हिच्या आईलाही चार पोरीच होत्या, पोऱ्याचं दुसरं बघा. हे बोलणारा तोच, डेअरीवरचा एक्स-वायचा मास्तर.

मी त्याला विचारलं, कांडी कोणाची होती? त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो उठून गेला. म्हणून हे लिहितोय. कारण तो एकटा नाही.

आता विज्ञान. ज्यांना माहीत आहे त्यांनी खाली सरकावं, पण आपल्या घरात मोठ्यानं वाचून दाखवलं तर बरं.

प्रत्येक जिवाच्या पेशीत गुणसूत्रं असतात, गुण वाहून नेणारे धागे. गायीत 60, म्हशीत 50, माणसात 46. ते जोडीजोडीनं असतात, एक आईचं, एक बापाचं. गायीच्या 30 जोड्यांपैकी एक जोडी नर-मादी ठरवते. गायीत ती जोडी एक्स-एक्स, वळूत एक्स-वाय. गायीचं बीज तयार होताना जोडी फुटते, पण दोन्हीकडे एक्सच असल्यामुळे तिच्या प्रत्येक बीजात एक्सच येतो. तिच्याकडे द्यायला दुसरं काही नाहीच. वळूचे निम्मे शुक्रजंतू एक्स घेऊन निघतात, निम्मे वाय घेऊन. एक्सवाला पोहोचला तर कालवड, वायवाला पोहोचला तर गोऱ्हा.

कांडी कशी वेगळी करतात? एक्स हे मोठं गुणसूत्र आहे, वाय छोटं. त्यामुळे बैलाच्या एक्सवाल्या शुक्रजंतूत जनुकद्रव्य वायवाल्यापेक्षा साधारण 3.8 टक्के जास्त भरतं. त्याला एक रंग लावतात, लेझरखालून एकेक जंतू सोडतात, जास्त चमकला तो एक्स. त्याच्या थेंबाला विजेचा भार देऊन एका बाजूला ओढतात. एवढी यातायात करून 100 ला 90 च्या आसपास अचूक. साध्या कांडीत सुमारे दोन कोटी शुक्रजंतू असतात, यात वीसेक लाखच, त्यातून ते दमलेले, म्हणून गाभण राहण्याचं प्रमाण कमी पडतं. म्हणून सांगतो, पहिलारू कालवडीला किंवा तब्येतीनं चांगल्या, वेळेवर माजावर येणाऱ्या जनावरालाच ही कांडी वापरा. उलटणाऱ्या गायीवर पैसे घालवू नका. (हा सल्ला मूळ विषयाबाहेरचा, पण आपलं पान शेतीचं आहे.)

आता माणूस. 46 गुणसूत्रं, 23 जोड्या. बाईत एक्स-एक्स, पुरुषात एक्स-वाय. बाकी वरचं सगळं जसंच्या तसं. गाय शब्द काढून बाई घाला आणि वळूच्या जागी स्वतःचं नाव घाला. बस. बाईच्या बीजात एक्सशिवाय दुसरं काही असूच शकत नाही. वाय आला तर तो बापाकडूनच येणार, नाही आला तर बापाकडूनच नाही आला. सुनेच्या हातात, पोटात, कुशीत, पत्रिकेत, कशातच ते नाही. "हिच्या आईलाही चार पोरी" या बोलण्यात तर अक्कलच नाही, कारण त्या चार पोरीही तिच्या आईनं ठरवल्या नव्हत्या.

आपल्याकडे जुनं बोलणं आहे, बाई म्हणजे जमीन आणि पुरुष म्हणजे बी. मला हे बोलणं पटत नाही, ते पुढे सांगतो. पण ज्यांना पटतं त्यांच्याशी त्यांच्याच हिशोबानं बोलू. वावरात ज्वारी पेरली आणि बाजरी उगवली नाही म्हणून वावराला शिव्या देणारा शेतकरी कोणी पाहिलाय? बियाणं भेसळीचं निघालं तर आपण पावती घेऊन दुकानदाराकडे जातो, तालुक्याला तक्रार करतो, पंचनामा मागतो. जमिनीला लाथा घालत नाही. मग इथंच उलटं का? बियाणं तुमचं, पेरणी तुमची, आणि पंचनामा वावराचा?

पण खरं म्हणजे बी-जमीन हे गणितच चुकीचं आहे. जमीन बियाला स्वतःचा धागा देत नाही. आई देते. 46 पैकी 23 आईचे. शिवाय बीजातला सगळा शिधा, पेशीतलं सगळं यंत्र आईचं. बापाचा शुक्रजंतू म्हणजे 23 धागे आणि एक शेपटी. नऊ महिने वाढवणं वेगळंच. म्हणून आई हे नुसतं वावर नाही, बियाण्यातही तिचा निम्मा वाटा आहे. फक्त मुलगा की मुलगी एवढी एकच चिठ्ठी बापाच्या बाजूनं निघते.

इथं लगेच दुसरी गफलत होते. काही शिकलेले मित्र म्हणतात, मग दोष पुरुषाचा. अरे, दोष कोणाचाच नाही! मुलगी होणं हा दोष असेल तर दोषाची भाषा. बापाच्या इच्छेनं एक्स पळतो का वाय पळतो, असं नसतं. नाणं उडवण्यासारखं आहे. साधारण निम्मे-निम्मे. तीन मुलींनंतर चौथ्या वेळी "आता तरी मुलगाच" असं नाण्याला माहीत नसतं, ते दरवेळी नव्यानं उडतं. पाच बाळंतपणं असलेली 32 घरं घेतली तर हिशोबानं त्यातल्या एका घरात पाचही मुली असायच्या आणि एका घरात पाचही मुलगे. त्या पाच मुलगेवाल्याला कोणी विचारत नाही की तुझ्यात काय दोष.

हे सगळं कळलं कशावरून, ते आपल्या कपाशीवाल्यांना ऐकायला मजा येईल. बोंडं उमलली की तांबडे ढेकूण येतात ना, सरकीचा रस शोषणारे, रुईला डाग पाडणारे? त्यांच्याच कुळातला एक लाल ढेकूण युरोपात आहे. 1891 साली हर्मन हेन्किंग नावाच्या जर्मन माणसानं त्याच्या नराच्या शुक्रपेशी पाहिल्या. अर्ध्यांत एक जास्तीचा तुकडा दिसला, अर्ध्यांत नव्हता. हे काय आहे कळेना म्हणून त्यानं त्याला एक्स नाव दिलं. गणितात अज्ञाताला देतो तसं. पुढे 1905 मध्ये अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स या बाईनं पिठातल्या किड्यावर काम करून दाखवलं की नराच्या निम्म्या शुक्रपेशींत एक छोटं गुणसूत्र असतं आणि नर-मादी त्यावरून ठरते. त्याच वर्षी एडमंड विल्सननंही तेच सांगितलं. म्हणजे बापाकडून ठरतं हे जगाला कळून 100 वर्षं कधीच उलटली. वायवरचं नेमकं कोणतं जनुक नर घडवतं ते 1990 मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी शोधलं. गर्भ सहा-सात आठवड्यांचा असताना ते चालू होतं. तोपर्यंत मुलगा-मुलगी दोघांचीही घडण सारखीच चाललेली असते.

आता एक हुशार प्रश्न. हा मला चावडीवर एका पोल्ट्रीवाल्यानं विचारला होता आणि प्रश्न चांगला होता. तो म्हणाला, कोंबडीत तर मादी ठरवते!

खरं आहे. कोंबडीत उलटं आहे. तिथं कोंबडा झेड-झेड, म्हणजे दोन सारखे, आणि कोंबडी झेड-डब्ल्यू. अंड्यातून नर निघणार की मादी, हे कोंबडीकडून ठरतं. बहुतेक सगळ्या पक्ष्यांत असंच. आणि गंमत बघा, अंड्याच्या जातीत नराला किंमत नसते, हॅचरीत नर पिल्लं पहिल्याच दिवशी बाजूला काढून मारतात. तिथं खरोखर मादीकडून ठरतं, आणि तिथं कोणी कोंबडीला बोल लावत नाही! पतंगांत, फुलपाखरांतही झेड-डब्ल्यू. म्हणजे 2017 ला ज्या गुलाबी बोंडअळीनं आपल्याला रडवलं तिच्या पतंगात आणि रेशमाच्या किड्यातही ठरवते ती मादीच. कामगंध सापळ्यात आपण जे पतंग धरतो ते सगळे नर, मादीच्या वासानं फसून आलेले.

त्यामुळे "निसर्गात असंच असतं" म्हणून एका जिवाचा नियम दुसऱ्याला लावायचा नसतो. निसर्गात एक नियमच नाही. डाळिंबाला किंवा कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटला मधमाशीच्या पेट्या ठेवता ना? त्या माशीत एक्सही नाही, वायही नाही. राणीनं फळवलेलं अंडं घातलं तर मादी, त्यात 32 गुणसूत्रं. न फळवलेलं अंडं घातलं तर नर, त्यात फक्त 16. म्हणजे नर माशीला बापच नसतो. आजोबा असतो, आईचा बाप, पण बाप नाही. बोंडअळीसाठी जे ट्रायकोकार्ड लावता, त्यातली गांधीलमाशीसुद्धा याच घराण्यातली. नर न भेटलेल्या मादीनंही अंडी घातली तर सगळे नर निघतात. कासवाचं तर अजून वेगळं. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या कासवांत गुणसूत्रावर काहीच नाही, वाळू किती तापली त्यावर ठरतं. जास्त तापली की माद्या.

सगळ्यात मला आवडतो तो पिठ्या ढेकूण. कपाशीवरचा, पपईवरचा, पांढरा कापसासारखा चिकटलेला, औषध आत जाऊ देत नाही तो. त्याच्या नरात बापाकडून आलेला गुणसूत्रांचा अख्खा संच बंद पडतो, आणि पुढच्या पिढीत तो नर फक्त आईकडून आलेलाच संच देतो. बापाचं एक धागाभरही पुढे जात नाही. मुलगा आहे पण बापाचा वंश त्यानं पुढे नेलाच नाही! आपल्या "वंशाच्या दिव्या"वाल्यांनी हा ढेकूण एकदा भिंगाखाली बघावा.

वंशाच्या दिव्यावर बोलूनच घेऊ, कारण सगळं शेवटी तिथं येतं. मुलगा वंश चालवतो म्हणजे नेमकं काय चालवतो? बापाच्या 23 धाग्यांपैकी 22 मुलीलाही मिळतात, मुलालाही मिळतात. फरक फक्त तेविसाव्याचा. मुलाला बापाचा वाय मिळतो, मुलीला बापाचा एक्स. वायवर जनुकं शंभराच्या आसपास, एक्सवर 800 च्या वर. आता सांगा, बापाचं जास्त कोणाकडे गेलं? वजनानं मोजलं तर मुलगी बापाचं थोडं जास्तच घेऊन जाते. आडनाव जात नसेल. सातबारा मात्र कायद्यानं तिच्याही नावावर जातो, आणि बऱ्याच जणांचं खरं दुखणं तिथंच आहे. वंशाचं नाव पुढे करतात, मनात बांध असतो.

झाडांकडे येऊ, नाहीतर तुम्ही म्हणाल हा शेतीचं विसरला.

आपल्या रावेर-यावलच्या केळीत हा प्रश्नच नाही. ग्रँड नैन कंदावर किंवा टिश्यूवर चालते, तिला बी नाही. एकाच घडावर आधी मादी फुलं, त्यांच्या फण्या होतात, आणि खाली लोंबतं त्या केळफुलात नर फुलं, ते आपण मोडून टाकतो. मक्यात वर तुरा नर, मधे कणीस मादी. सातपुड्यातून पावसाळ्यात कर्टुली येतात, त्यात नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. लागवड करणारे आठ-दहा मादी वेलांमागे एक नर ठेवतात, आणि बियापासून केली तर फूल येईपर्यंत कळत नाही कोणता काय.

तोंडलीत तर माणसासारखंच एक्स-वाय आहे, आणि त्यातला वाय मोठा, सूक्ष्मदर्शकाखाली सहज ओळखू येणारा. ही गोष्ट आपल्या देशात, आपल्या भाजीत सापडली. एल. एस. एस. कुमार आणि जी. बी. देवडीकर यांनी 1940 मध्ये करंट सायन्समध्ये ती छापली. देवडीकरांनी पुढे आपल्या देशी मधमाशीच्या गुणसूत्रांवरही काम केलं. स्वातंत्र्याच्या आधी आपल्या माणसांनी तोंडलीच्या वेलात नराचा वाय शोधला, आणि आज तीच तोंडल्याची भाजी चिरताना सासू सुनेला सांगते की तुझ्यामुळे मुलगा झाला नाही.

पपई. शिरपूर-शहाद्यापासून चोपड्यापर्यंत इथं पपईवाले भरपूर आहेत, म्हणून जरा थांबतो. पपईत तीन प्रकारची झाडं. नर, मादी आणि दोन्ही असलेलं, म्हणजे उभयलिंगी. तिथंही एक्स-वायच आहे, पण वाय दोन तऱ्हेचे, एकानं नर झाड होतं, दुसऱ्यानं उभयलिंगी. दोन वाय एकत्र आले तर ते बी जगतच नाही. म्हणून उभयलिंगी झाडाचं स्वतःचंच परागण होऊन धरलेलं बी पेरलं तर तीनात दोन उभयलिंगी आणि एक मादी निघते. लांबट फळ पाहिजे असेल तर उभयलिंगी झाड, गोल फळ मादीचं. व्यापारी लांबट मागतो. रोपावरून हे ओळखू येत नाही. "आमची सगळी रोपं शंभर टक्के उभयलिंगीच" असं छातीठोक सांगून बियाण्याची रोपं विकणाऱ्यापासून जपून राहा.

आणि खिळ्याचं सांगून टाकतो. नर पपईच्या खोडात लोखंडी खिळा ठोकला की ते फळ धरतं, असं आपल्याकडे सर्रास चालतं. नर झाड कधी कधी थंडीच्या दिवसांत आपोआपच चार फळं धरतं. उलट आपल्या मे महिन्याच्या 45 अंशांत उभयलिंगी झाडाची फुलं नरासारखी होऊन गळतात आणि पाऊस पडला की परत धरू लागतात. हवा बदलली, नाव खिळ्याचं झालं. गुणसूत्र खिळ्यानं बदलत नाही.

आता हाच खिळा बाईच्या बाबतीत कसा ठोकतात ते पाहा. मुलगा होण्यासाठी शिवलिंगीचं बी दूध-गुळातून. दिवस राहिल्यावर दुसऱ्या महिन्यात देतात. अहो, एक्स की वाय हे पहिल्या क्षणालाच ठरलेलं असतं, दुसऱ्या महिन्यात कोणाला काय बदलता येणार? आणि ती शिवलिंगी म्हणजे तरी कोण? तोंडलीच्याच कुळातली रानवेल, तिच्या एकाच वेलावर नर फूलही येतं आणि मादी फूलही. स्वतःच्या वेलावर नर-मादी वेगळं न करणारी ती तुमच्या घरी मुलगा धाडणार? हरियाणात अशा मुलग्याच्या औषधांवर अभ्यास झाले, ती घेणाऱ्या बायकांत व्यंग असलेली बाळं आणि मेलेली बाळं जन्मण्याचं प्रमाण जास्त आढळलं. निम्म्या वेळा मुलगा होणारच असतो, तेव्हा वैदूचं नाव होतं. मुलगी झाली तर बाईनं पथ्य पाळलं नाही. वैदूचा धंदा दोन्हीकडून पक्का. सम तारीख-विषम तारीख हाही तसलाच खेळ. 2020 मध्ये एका गाजलेल्या कीर्तनावरून त्याची राज्यभर चर्चा झाली, तेव्हा आमच्याकडे किती तरी जण म्हणाले की त्यात काहीतरी असेल. शुक्रजंतूला पंचांग वाचता येत नाही एवढंच सांगतो.

"मग माणसाची कांडी का नको?" हाही प्रश्न मला विचारला गेलाय, थट्टेत नाही, गंभीरपणे. गोठ्यात चालतं ते घरात का चालू नये? उत्तर असं. गोठ्यात एका वळूच्या हजारो कांड्या निघतात, तिथं नर कमी पडून कोणाचं काही अडत नाही. मुलीला मात्र आपण दुधाच्या हिशोबानं मोजत नाही, मोजायला लागलो तर मग बोलणंच संपलं. आणि कायद्यात बंदी आहे. महाराष्ट्रानं 1988 ला देशात सर्वात आधी गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला, 1994 ला तो देशाचा झाला, आणि 2003 च्या दुरुस्तीत गर्भ राहण्याआधीची निवडही त्यात आली.

कायदा असूनही काय झालं ते आकडे बोलतात. 0 ते 6 वयाची 1000 मुलं घेतली तर त्यामागे मुली किती? 2001 ला जळगाव जिल्ह्यात 880. 2011 ला 842. धुळ्यात 907 वरून 898. निसर्गाच्या हिशोबानं जन्माला 950 च्या आसपास यायला पाहिजेत. आणि शेजारचं नंदुरबार, ज्याला आपण मागास म्हणतो, आदिवासी म्हणतो, तिथं 2011 ला 944. केळीचा पैसा, शाळा-कॉलेजं, गल्लोगल्ली सोनोग्राफी असलेलं जळगाव 842, आणि सातपुड्यातल्या पाड्यांचं नंदुरबार 944. नाणं तर दोन्हीकडे सारखंच उडतं. मग आपल्याकडे 1000 मागे शंभरावर मुली कुठं गेल्या? त्या नाण्यानं नाही नेल्या.

आज पस्तिशीची पोरं घरोघरी बसून आहेत. दहा एकर बागाईत, ट्रॅक्टर, पक्कं घर, तरी मुलगी मिळत नाही. दलालाला लाखभर देऊन लांबून मुलगी आणायची आणि आठ दिवसांत ती दागिने घेऊन गेली की पोलीस ठाण्यात उभं राहायचं, हे प्रकार खानदेशात नवीन नाहीत. मुली शेतकरी नवरा नको म्हणतात हे अर्धं कारण आहे. ज्या मुलींनी हो म्हणायचं त्या जन्मूच दिल्या नाहीत, हे दुसरं अर्धं.

शेवटी आपल्या पानावर जे कृषी सहायक, पशुधन विकास अधिकारी, कृषी विज्ञान केंद्राची मंडळी आहेत त्यांच्याशी भांडायचं आहे. रागावू नका. तुम्ही कांडीच्या शिबिरात एक्स-वाय इतकं छान समजावता, फळ्यावर वळू काढता, बाण काढता. पपईच्या चर्चासत्रात तीनास दोन, दोनास एक सगळं सांगता. आणि नेमकं माणसापाशी येऊन थांबता. म्हणता तो आरोग्य खात्याचा विषय. आरोग्य खात्याचं ऐकायला आमचे बाप्ये कधी जातात? अंगणवाडीच्या सभेला सगळ्या बायकाच असतात, ज्यांच्यावर आरोप आहे त्यांनाच पुन्हा समजावून काय उपयोग? ज्यानं ऐकायला पाहिजे तो कांडीसाठी तुमच्यासमोर उभा आहे. जनावरांच्या दवाखान्यात, डेअरीवर, गोठ्यात. तो तुमचं ऐकतो, कारण तुमच्या बोलण्यात त्याचा पैसा आहे.

वाक्यही मी लिहून देतो. "दादा, ही कांडी जशी वळूची, तसं माणसातही बापाकडूनच ठरतं, सुनेला बोलू नका." अहिराणीत म्हणायचं असेल तर स्वतःच्या गावाच्या बोलीत म्हणा, जास्त लागतं. वेळ नाही असं सांगू नका. नायट्रोजनच्या टाकीतून काढलेली कांडी कोमट पाण्यात 30-40 सेकंद धरावीच लागते, त्या वेळात मालक शेजारीच दोर धरून उभा असतो.